चौथी सीट

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. डोंबिवली पूर्व, १९७९ ची तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, चोवीस बिऱ्हाडं. विषय एकच, रिडेव्हलपमेंट. बिल्डरने आणलेल्या चित्रात आमच्या जागेवर बावीस मजली टॉवर उभा होता. खाली दोन नारळाची झाडं, आणि एक गोरी बाई कुत्रा घेऊन फिरतेय. (डोंबिवली पूर्वेत!)

तळमजल्यावरचे काका उठले. म्हणाले, "आधीच पाण्याची बोंब, रस्त्यावर चालायला जागा नाही, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. अजून दीडशे बिऱ्हाडं कुठे कोंबणार? डोंबिवलीत आता बास!" टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तळमजल्यावर राहता. माझ्या गुडघ्यांना विचारा." त्यांनाही टाळ्या पडल्या, बहुतेक त्याच लोकांच्या. मीटिंग अशीच दोन तास चालली.

पण माझ्या डोक्यात राहिला तो एक मुलगा. आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो, सव्वीस-सत्तावीसचा असेल, ऐरोलीत टेस्टिंगमध्ये आहे. मेंबर नसल्यामुळे त्याला बोलायचा हक्क नव्हता, खुर्च्या मांडायला आला होता. जाताना मला म्हणाला, "दादा, मला इथेच घर घ्यायचं होतं. आता बदलापूर बघतोय."

घरी आल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "हे तळमजल्याचे काका १९८४ मध्ये लालबागहून आले ना, तेव्हा समोरच्या बंगल्यातले आजोबा म्हणायचे, या तीन मजली बिल्डिंगांनी डोंबिवलीची वाट लावली."

लोकलच्या सेकंड क्लासचं बाक तीन माणसांचं असतं, पण त्यावर चार बसतात हे तुम्हाला सांगायला नको. चौथ्याची अर्धी मांडी हवेत. तो चढतो तेव्हा "जरा सरका हो" म्हणतो. ठाणं गेलं, खिडकीवाला उतरला, की तो आत सरकतो, आणि नवीन आलेल्या चौथ्याकडे असा काही बघतो की जणू बाक त्याच्या आजोबांनी विकत घेतलंय. तर रविवारभर मी हेच बघत बसलो होतो, की मुंबईच्या उपनगरांचा इतिहास हा या चौथ्या सीटचा इतिहास आहे का? थोडीफार जुळवाजुळव केली, ती इथे टाकतोय.

सुरुवात १६ एप्रिल १८५३ ची, ती शाळेत पाठ केली होती. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. वाटेत मुंब्र्याजवळ डोंगर आडवा आला, त्यात बोगदे खणले आणि खाडीच्या कडेकडेने रूळ वळवत नेले. हे वळण लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. तिकडे पश्चिमेला एप्रिल १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. पण या गाड्यांनी लगेच उपनगरं वसली असं काही झालं नाही. पुढची तीसेक वर्षं ठाणं ठाणं होतं, वांद्रं वांद्रं होतं, आणि मुंबईतला माणूस गिरगाव-मांडवीत एका खोलीत सात-आठ जणांत राहत होता.

लोकांना बाहेर काढलं ते प्लेगने. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला, शहर पळायला लागलं, आणि इंग्रज सरकारला अचानक साक्षात्कार झाला की दाटीवाटीने वस्ती ही तब्येतीला वाईट असते. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टने दोन कामं केली. जुन्या वस्त्या फोडून हवा खेळेल असे रस्ते काढले (सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट), आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली भातखाचरं घेऊन तिथे प्लॉट पाडले. पहिल्या कामात जेवढी घरं पाडली तेवढी नवीन काही उभी राहिली नाहीत, त्यामुळे उरलेल्या चाळींत गर्दी अजून वाढली. डीबगिंग करताना एक बग काढायचा आणि तीन घालायचे, हा प्रकार आपणच शोधून काढला असं मला उगाच वाटायचं.

दुसरं काम मात्र जमलं. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंगा... आज जे भाग बघून आपण "काय छान प्लॅनिंग होतं पूर्वी" म्हणतो ते हेच. गंमत म्हणजे तिथे बंगले उभे राहिलेच नाहीत फारसे. ज्यांच्यासाठी हे उपनगर होतं ते होते कारकून, मास्तर, छोटे वकील, दक्षिणेतून आलेले हिशेबनीस. त्यांना बंगला परवडणार कुठून? मग आले फ्लॅट. आत संडास, आत मोरी, वेगळं स्वयंपाकघर. चाळीत वाढलेल्या लोकांना घरात संडास ही कल्पनाच आधी सोवळ्याओवळ्याच्या दृष्टीने पचली नव्हती. निखिल राव यांचं 'हाउस, बट नो गार्डन' हे पुस्तक याच विषयावर आहे. नावातच सगळं आलं. इंग्लंड-अमेरिकेत उपनगर म्हणजे बाग असलेलं घर. आपल्याकडे उपनगर म्हणजे पहिल्यापासूनच जिना आणि शेजारी.

या ट्रस्टचे एक चेअरमन होते जे. पी. ऑर. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम माझ्यासारख्याला फारच आवडला. खोलीच्या खिडकीच्या तळातून आडव्या रेषेशी ६३.५ अंशांची रेषा वर काढायची, आणि समोरची बिल्डिंग त्या रेषेच्या वर जाता कामा नये. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे. आता जरा अकरावीतलं त्रिकोणमिती आठवा. टॅन ६३.५ म्हणजे जवळपास २. म्हणजेच समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मधे मोकळं सोडा. साधा, सरळ, एका ओळीत लिहिता येणारा नियम. आणि महत्त्वाचं म्हणजे तो मोजतो काय, तर आत राहणाऱ्या माणसाला मिळणारा उजेड. या नियमापासून आपण पुढे कुठे गेलो ते बघा.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी.-कुर्ला विजेची गाडी धावली, तीन वर्षांत पश्चिमेलाही वीज आली. आता लांब राहणं शक्य झालं. फाळणी झाली, निर्वासित आले, कारखाने आले. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. नकाशावर रेघ सरकवणं सोपं असतं. १९५१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या साधारण ३० लाख होती, १९७१ मध्ये ६० लाख. वीस वर्षांत दुप्पट.

आणि याच काळात, चांगल्या हेतूने, एकामागून एक असे काही निर्णय झाले की बोलायची सोय नाही. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत त्याची गरज होतीच, पण तो कायदा तात्पुरता न राहता दशकानुदशकं चालत राहिला, आणि भाड्याने द्यायला घर बांधणं हा धंदाच संपला. मग पागडी आली, मग ओनरशिप फ्लॅट (१९६३ मध्ये त्याचा कायदा). म्हणजे ज्याच्याकडे रोख पैसे नाहीत त्याने जिथे जागा स्वस्त तिथे जायचं. १९७६ मध्ये कमाल जमीन धारणा कायदा आला. जादा जमीन काढून गरिबांना घरं द्यायची होती, प्रत्यक्षात जमीन कोर्टात आणि सवलतींच्या फायलींत अडकली. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये रद्द केला.

आणि १९६४ मध्ये आला एफएसआय. म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करायचं त्याचा आकडा. ऑरच्या नियमात आणि यात फरक काय ते लक्षात घ्या. ऑर विचारतो, आतल्या माणसाला उजेड मिळतो का? एफएसआय विचारतो, बांधकाम किती चौरस फूट? आत माणसं किती राहणार, समोरचा रस्ता किती रुंद, पाण्याची लाइन किती इंचाची, गाडीत जागा किती, यातलं काहीच तो मूळ आकडा मोजत नाही. हजार चौरस फुटांत मलबार हिलला दोन माणसं राहतात आणि धारावीत वीस. एफएसआयच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. १९९१ च्या नियमांत तर बेटावर १.३३ आणि उपनगरात १ असे आकडे ठरले. हेतू स्पष्ट होता. बांधकाम दाबलं की माणसं यायची थांबतील.

माणसं थांबली का? जनगणना बघू. बेटावरची मुंबई (कुलाबा ते माहीम-शीव) १९८१ मध्ये जवळपास ३३ लाख, २०११ मध्ये ३१ लाखांच्या आत. कमी झाली! उपनगरं याच तीस वर्षांत ५० लाखांवरून साडेत्र्याण्णव लाखांवर. आणि त्याच्याही पलीकडे २०११ मध्ये ठाणं १८ लाख, कल्याण-डोंबिवली साडेबारा लाख, वसई-विरार १२ लाख. पण ऑफिसं? मंत्रालय, हायकोर्ट, बँका, फोर्ट, नरिमन पॉइंट सगळं दक्षिण टोकाला. पुढे बीकेसी आलं, अंधेरी-पवई आलं, ऐरोली आलं. तरी माझ्या बाबांची अख्खी नोकरी फोर्टात गेली. डोंबिवली ते व्ही.टी. ४८ किलोमीटर. घर ते टेबल सव्वा तास धरा. जाऊन-येऊन अडीच, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ६२५ तास. म्हणजे वर्षाला २६ अख्खे दिवस-रात्र गाडीत. तीस वर्षांत ७८० दिवस. दोन वर्षांहून जास्त काळ माझे बाबा फक्त लोकलमध्ये होते, आणि त्यातला बराचसा उभे. हा हिशेब मी त्यांना दाखवला तर म्हणाले, "पेपर वाचून व्हायचा."

बेटावर जी गर्दी नको होती ती कुठेतरी जाणारच होती. ती गाडीच्या डब्यात गेली. रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्द आहे, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. शहराच्या कुठल्याही आराखड्यात एवढ्या एफएसआयला परवानगी नाही :)

हे कोणाला कळत नव्हतं अशातला भाग नाही. १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं होतं की मुंबई ही उत्तर-दक्षिण एकाच रेघेत वाढतेय, ती पूर्वेला खाडीपलीकडे वळवा, आणि तिथे नुसती घरं नकोत, कामधंदा न्या, सरकारी कचेऱ्या न्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई ठरली. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला. पण सरकार काही खाडीपलीकडे गेलं नाही, उलट याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून ऑफिसं उभी राहिली. आणि वाशीला लोकल कधी पोचली? मे १९९२. सिडकोनंतर बावीस वर्षांनी. आधी घर, मग बावीस वर्षांनी गाडी, हा क्रम आपल्याकडे काही पहिल्यांदा झालेला नाही आणि शेवटचाही नाही.

आता वसई. 'आमच्याकडे आता नको' हे म्हणणं नेहमी स्वार्थीच असतं असं मला आधी वाटायचं. वसईबद्दल वाचल्यावर तेवढं सरळ वाटेनासं झालं. पश्चिम वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुलं, भाजी, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. पहाटेच्या गाडीने दादरला फुलं-भाजी घेऊन येणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने हा हरित पट्टा बांधकामाला खुला करायला घेतला. मुंबईला घरं हवी होती, जमीन स्वस्त होती, रूळ होते. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे पुढारी. तेच जे पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मोर्चे निघाले, धमक्या आल्या. त्यांचा मुद्दा फ्लॅटची किंमत हा नव्हता. मुद्दा पाण्याचा होता. टँकरवाले जमिनीतलं पाणी उपसतात, समुद्र शेजारी आहे, गोडं पाणी गेलं की त्या जागी खारं शिरतं. एकदा विहीर खारी झाली की बाग गेली.

समितीमुळे पश्चिमेचा बराच पट्टा वाचला. पण मग मुंबईतून येणारी माणसं? ती आलीच. रुळांच्या पूर्वेला आली, नालासोपाऱ्याला आली. गिरणी संप १९८२ चा, त्यानंतर परळ-लालबागची खोली विकून लांब जाणाऱ्यांना परवडेल असं तेच होतं. कायदेशीर घर परवडत नाही, मग बेकायदेशीर. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला हायकोर्टाच्या आदेशावरून ४१ इमारती पाडल्या, अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. ती जागा आराखड्यात कशासाठी राखून ठेवलेली होती माहितेय? डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी. म्हणजे ज्या सोयी नाहीत म्हणून आधीचे रहिवासी नव्यांना नको म्हणतात, त्या सोयींच्याच जागेवर नवे येऊन राहिले होते. यात दोष नक्की कोणाचा, यावर मी अर्धा तास घालवला आणि सोडून दिलं. पण त्या अडीच हजार कुटुंबांतल्या एकानेही तो आराखडा उलगडून बघितला नसणार, आणि ज्यांनी बघितला होता ते तिथे राहत नव्हते, एवढं मात्र खरं.

आमच्याकडेही तेच. डोंबिवलीच्या आजूबाजूची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली, २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर काढायचा निर्णय झाला आणि तो हायकोर्टात टिकला नाही. एवढ्या वेळा तर मी पण गिटमध्ये रिव्हर्ट मारत नाही. कर कोण लावणार, पाणी कोण देणार, यावर भांडण चालू होतं आणि त्या काळात बांधकाम काही थांबलेलं नव्हतं. २०१५ मध्ये कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीत नवीन बांधकाम परवानग्याच बंद केल्या, वर्षभर. पुढच्या वर्षी मुंबईलाही तेच. माझ्या ओळखीतले सगळे खूश होते, 'बरं झालं, कोणीतरी थांबवलं'. पण परवानगी थांबते कोणाची? जो परवानगी मागतो त्याची. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला जी इमारत कोसळली ती काही महिन्यांत, परवानगीविना उभी राहिलेली होती. वरचे मजले चालू होते तेव्हाच खाली माणसं राहायला आली होती. ७४ जण गेले.

मग काय, सगळीकडे एफएसआय वाढवून टाकायचा? एलन बर्टो नावाचे शहररचनाकार मुंबईबद्दल वर्षानुवर्षं हेच म्हणत आले, की जगातल्या मोठ्या शहरांच्या मानाने इथला एफएसआय फारच कमी आहे, त्यामुळेच घरं महाग आणि वाट्याला येणारी जागा इवलीशी. ऐकायला अगदी बरोबर. पण शिरीष पटेल (हो, तेच १९६५ चे) त्यांना म्हणाले, थांबा, फक्त बिल्डिंग मोजू नका. रस्त्यावर, बागेत, शाळेत, गाडीत दर माणशी किती जागा उरते ते मोजा. मॅनहॅटनमध्ये टॉवर आहेत कारण खाली तेवढे रस्ते आहेत आणि त्याखाली मेट्रो आहे. रस्ता नऊ मीटरचाच ठेवून वर बावीस मजले चढवले तर घर मोठं होईल, शहर लहान होईल. दोघांचं वाचल्यावर मला वाटलं दोघंही बरोबर आहेत, फक्त बर्टो बेटाबद्दल जास्त बरोबर आहेत आणि पटेल डोंबिवलीबद्दल. जिथे गाडी, नोकरी, गटार सगळं होतं तिथे आपण बांधू दिलं नाही. जिथे यातलं काही नव्हतं तिथे बांधत गेलो. गिरण्यांच्या शेकडो एकर जमिनीवर, परळ-लोअर परळला, रेल्वेच्या दोन्ही लाइनींच्या मधोमध, काय उभं राहिलं ते तुम्ही बघताच. त्यात तिथल्याच गिरणीत काम केलेल्या माणसाला परवडेल असं किती होतं?

आता ते मुंब्र्याचं वळण. १९१६ मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि फास्ट गाड्या डोंगरातून सरळ जायला लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी लाइन झाली, मेल-एक्सप्रेस बोगद्यातून जाऊ लागल्या आणि फास्ट लोकल परत मुंब्र्याच्या बाजूने. लाइनी वाढाव्यात म्हणून आम्ही दहा-बारा वर्षं बोंब मारत होतो, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी, सोमवारी, दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. त्या दिवशी मी घरून काम करत होतो. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अकरा वाजेपर्यंत एकेकाचा मेसेज येत होता, "पोचलो", "पोचले", "ठीक आहे". तळमजल्यावरच्या काकांचा मुलगा त्याच्या मागच्या गाडीत होता. त्याचा मेसेज सगळ्यात शेवटी आला, तोवर काका जिन्यात उभे होते. म्हणून मीटिंगमध्ये ते "गाडीत पाय ठेवायला जागा नाही" म्हणाले तेव्हा मला हसू आलं नाही.

पण भाड्याचा तो मुलगा बदलापूरला गेला तर तीच गाडी पकडणार, फक्त अजून चार-पाच स्टेशनं मागून, आणि ऐरोलीसाठी ठाण्याला उतरायचं म्हणजे हेच वळण ओलांडून. आपण त्याला इथे घर नाही दिलं म्हणून दिव्याला गाडी एका माणसाने रिकामी होत नाही. उलट डोंबिवलीला गाडी येते तेव्हा तो आधीच आत असतो. हे मी काकांना मीटिंगनंतर सांगून बघितलं. ते म्हणाले, "मग बिल्डरला सांग, दीडशे फ्लॅटमधले वीस तरी लहान काढ, त्या पोराला परवडतील असे. आणि पाण्याचं लेखी दे." मी म्हणालो, बिल्डर वन बीएचकेच काढत नाहीये. "मग कसली घरांची टंचाई सांगतो मला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॉइंगमध्ये सगळे टू आणि थ्री बीएचके आहेत.

२०१९ च्या सरकारी निर्णयानुसार रिडेव्हलपमेंटला ५१ टक्के मेंबरांची संमती पुरते. म्हणजे चोवीसात तेरा. आत्ता दहा बाजूने आहेत, आठ विरोधात, बाकीचे "बघू" म्हणतायत. आमचं घर "बघू" मध्ये आहे. मी बिल्डरला मेल टाकलाय, लहान फ्लॅट किती, टाक्या किती लिटरच्या, पाण्याच्या कनेक्शनचं काय, आणि तळमजल्याच्या खिडकीतून ६३.५ अंशांची रेषा काढली तर समोरच्या बिल्डिंगचं काय होतं. शेवटच्या प्रश्नावर त्यांच्या आर्किटेक्टचा फोन आला होता, "सर, हे कुठल्या नियमात आहे?"

पुढची मीटिंग पंधरा दिवसांनी आहे. त्या मुलाला यावेळी खुर्च्या मांडायच्या नाहीत, नुसतं येऊन बस म्हणून सांगितलंय. सेक्रेटरींची हरकत नाही, फक्त मत द्यायचं नाही. असो. उद्या सोमवार, ७:४९ पकडायची आहे.